रक्त काढायचं काम शिकायचंय: तीन महिने की दोन वर्षं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावातल्या एका २८ वर्षांच्या वाचक भगिनीनं लिहिलं आहे. बारावी सायन्स झाली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मुलगी यंदा पहिलीला गेली. नवरा उद्यमनगरात टर्नर आहे. सासूबाईंना शुगर असल्यामुळं लॅबचा एक मुलगा अधूनमधून घरी येऊन रक्त नेतो. त्याचं काम बघून तिला वाटायला लागलं, हे आपल्यालाही जमेल. शहरातल्या एका क्लासच्या फलकावर तिनं वाचलं: तीन महिन्यांत फ्लेबोटॉमिस्ट (म्हणजे तपासणीसाठी रक्त घेणारा), फी ४० हजार, नोकरीची शंभर टक्के हमी, पुढं स्वतःची लॅब. दुसरीकडं दोन वर्षांचं डीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका, आहे. "शीर शोधायची, सुई घालायची, रक्त घ्यायचं. तेवढं तीन महिन्यांत येईलच ना?" असं ती विचारते. नवऱ्याचंही तेच म्हणणं आहे. सासूबाईंना मात्र सुनेनं सकाळी सकाळी परक्यांच्या घरी जाऊन रक्ताला हात लावणं पसंत नाही. फीसाठी गंठण मोडायची तिची तयारी आहे. शेवटी तिनं लिहिलंय, "सुई हातात धरायच्या विचारानंच माझे हात थरथरतात. ताई, मी या कामाची नव्हेच का? आणि दहा वर्षांच्या गॅपनंतर दोन वर्षं शिकत बसणं हा वेडेपणा नाही का?"

उत्तर:

शीर शोधायची, सुई घालायची, रक्त घ्यायचं. हे वाक्य मला तुझं वाटत नाही. फी मागणाऱ्या माणसानं ते तुझ्या कानात घातलेलं दिसतंय. त्यात खोटं काही नाही. सुई घालणं तीन महिन्यांत येतं, शिकवणारा बरा असेल तर त्याआधीही येतं. पण लॅबच्या आत बरीच वर्षं काढल्यावर मी तुला एवढं खात्रीनं सांगते, की रिपोर्ट बिघडतात ते बहुतेक वेळा सुईच्या आधी किंवा सुईच्या नंतर. फ्लेबोटॉमिस्टची खरी कसोटी तिथं लागते आणि फलकावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

आपल्या करवीर-कागल पट्ट्यातलं कुठलंही गाव घे. एका गल्लीत चार पाटील काकू, त्यातल्या दोघी सुनीता. सकाळी आठला लॅबच्या बाकावर माणसं दाटून बसलेली असतात. तू आतून हाक मारतेस, "सुनीता पाटील?" आणि जिला घाई असते ती उठून हात पुढं करते. "तुम्हीच सुनीता पाटील ना?" असं विचारलंस, तर कमी ऐकू येणारी आजी कशालाही "हो हो" म्हणते. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. पूर्ण नाव आणि सोबत वय किंवा जन्मतारीख, मग ते कागदाशी ताडून बघायचं. ट्यूबवर लेबल लावायचं ते रक्त घेतल्यावर, पेशंट समोर बसलेला असतानाच. आधीपासून लेबलं चिकटवून ठेवलेल्या ट्यूबा गर्दीत बदलतात आणि "मागाहून लिहू" म्हटलेल्या ट्यूबा ट्रेमध्ये एकमेकींत मिसळतात. रक्तगटाची ट्यूब दुसऱ्याच्या नावानं गेली तर त्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

मग चहा. उपाशीपोटीच्या तपासणीला किमान आठ तास पोटात काही गेलेलं नको. आपल्याकडं पहाटे उठून म्हशीची धार काढणारा माणूस चहाशिवाय दिवस सुरू करत नाही आणि "निम्माच कप घेतलाय" हे तो आपणहून सांगतही नाही. "उपाशी आहात ना?" या प्रश्नाला सगळे मान हलवतात. "सकाळपासून काय काय घेतलंत?" असं विचारलं की चहा बाहेर येतो. हे विचारायचं कौशल्य तुझ्यासारख्या घर चालवणाऱ्या बाईकडं आधीपासूनच आहे.

ट्यूबांच्या झाकणांचे रंग तू सासूबाईंच्या वेळी पाहिले असशीलच. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट असतं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासण्यासाठी. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे, म्हणून ती खुणेपर्यंत भरावीच लागते. जांभळ्यात ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन, ती सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) यांसाठी. राखाडीत फ्लोराइड, शुगरसाठी. रक्त शरीराबाहेर आल्यावरही त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, साध्या ट्यूबमध्ये तासाला साधारण ५ ते ७ टक्के. राधानगरीकडच्या एखाद्या गावात सातला घेतलेलं सॅम्पल राजारामपुरीतल्या लॅबमध्ये दहाला पोहोचलं, तर हे साखर खाणं रोखणारं फ्लोराइड का लागतं ते तुझ्या ध्यानात येईल. या ट्यूबा भरायचा क्रमही ठरलेला असतो: कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या) बाटल्या आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळीतला अंश लालमध्ये गेला, तर ईडीटीएमधल्या पोटॅशियममुळं रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. घरी ठणठणीत असलेल्या माणसाला मग रात्रीत दवाखान्यात पळवतात. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला, मूठ सारखी उघड-मिट करायला लावली, ट्यूब हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची सोडून खळाखळा हलवली, तरी आकडे बिघडतात. रक्त नीट मिळालं म्हणून पेशंट खूश असतो आणि सॅम्पल मात्र वाया गेलेलं असतं.

हे सगळं तीन महिन्यांत पाठ होईल. अंगवळणी पडायला मात्र रोज तेच करावं लागतं, जाणत्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

आता तुझ्या हातांचं. नवशिक्याचे हात थरथरणार नाहीत तर कुणाचे? पहिल्या दिवसापासून बेधडक सुई घालणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. सुरुवात रबराच्या हातावर होते. मग एकमेकांच्या दंडावर नुसत्या शिरा चाचपायच्या. शीर डोळ्यांनी दिसते त्यापेक्षा बोटाच्या टोकाला जास्त कळते. दाबली की दबते, सोडली की वर येते. कोपराच्या खोबणीत मधोमध असते ती शीर पहिली बघायची. आतल्या बाजूची शेवटी, कारण तिच्याजवळ धमनी आणि मज्जातंतू असतो. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, ओल्यावर सुई घातली तर पेशंटला चुरचुरतं. सुई तिरकी, ३० अंशांच्या आत. दोनदा प्रयत्न करून मिळालं नाही तर थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं. हा नियम शरमेचा मानू नकोस. तालमीतल्या पैलवानाच्या दंडावर शिरा दोरखंडासारख्या दिसतात आणि तिथं कुणालाही जमतं. डायलिसिसवरचे पेशंट, केमो घेतलेल्या बायका, वाळून गेलेले म्हातारे हात, लहान बाळं, इथं खरं शिक्षण होतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला हात लावायचा नाही, स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात टाळायचा, सलाइन चालू असलेला हात टाळायचा. या गोष्टी वॉर्डात उभं राहिल्याशिवाय मुरत नाहीत. आणि चक्कर कुणाला येईल याचा अंदाज बांधू नये. तरणाबांड गडीसुद्धा खुर्चीतून घसरतो. "पूर्वी रक्त देताना कधी भोवळ आली होती का?" एवढं विचारून, हो म्हटलं तर सरळ आडवं करून घ्यायचं.

तेव्हा थरथरीवरून काही ठरवू नकोस. राहिला प्रश्न तीन महिने की दोन वर्षं.

२०२१ मध्ये संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मेडिकल लॅबोरेटरीचं क्षेत्र त्यात येतं. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला पदविका किंवा पदवी लागते आणि ते शिक्षण किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं असावं लागतं. तीन महिने, रोज आठ तास, रविवारही न सोडता गेलीस तरी ७२० तास होतात. कायद्याचा रोख कुठं आहे हे यावरून तूच बघ. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करायलाही लॅब टेक्नॉलॉजीची पदविका किंवा पदवी आणि वर अनुभव लागतो. सरकारी जाहिराती बहुधा "प्रयोगशाळा तंत्रज्ञ" अशा नावानं निघतात आणि त्यात शिक्षणाची अट स्पष्ट लिहिलेली असते. एकदोन जुन्या जाहिराती मिळवून वाच. काहींत बी.एस्सी. मागतात, तेही आत्ताच माहीत असलेलं बरं.

छोटा कोर्स अगदीच कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत फ्लेबोटॉमीचा कोर्स आहे. एखादी मुलगी आधीच दवाखान्यात मदतनीस असेल, किंवा घरी आज पैसे येणं भाग असेल, किंवा बारावी आर्ट्स-कॉमर्सची असल्यामुळं डीएमएलटीचं दार बंद असेल, तर तिला मी तो मान्यताप्राप्त कोर्स करायला सांगेन. तुझं तसं नाही. तुझी बारावी सायन्सची आहे. त्यात बायोलॉजी असेल तर डीएमएलटीचं दार तुला उघडं आहे. नवऱ्याचा पगार चालू आहे आणि मुलगी शाळेत जायला लागली आहे. "आधी तीन महिन्यांचं करते, कमवते, मग डीएमएलटी" असा विचार तुझ्या मनात येईल. माझ्या पाहण्यात हे "मग" फार थोड्या बायकांना गाठता आलं. पहाटेची कलेक्शनची नोकरी धरली की दिवसाचं कॉलेज जमत नाही आणि फी मात्र दोनदा जाते. म्हणून माझं मत डीएमएलटीच्या बाजूनं आहे. दोन वर्षांनी तू ३० वर्षांची होशील. शिकलीस तरी होशील आणि न शिकताही होशीलच. गॅपचं म्हणशील तर प्रवेशाच्या वेळी त्याचं प्रतिज्ञापत्र मागतात, यापलीकडं त्याला फारसं महत्त्व नाही.

त्या फलकावरच्या "स्वतःची लॅब" या शब्दांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. तीन महिन्यांचं काय, दोन वर्षांचं डीएमएलटी करूनही तू रिपोर्टवर सही करू शकत नाहीस. एखाद्या लॅबचं कलेक्शन सेंटर चालवता येतं, पण तो वेगळा व्यवसाय आहे. ज्यानं हे दोन्ही एकाच ओळीत छापलं, त्यानं तुझ्या गंठणावर डोळा ठेवून छापलंय. आणि नोकरीची हमी म्हणजे काय, हे त्याला लिहून मागून बघ. कुठली लॅब, किती पगार, न मिळाल्यास फी परत का? बहुतेक वेळा तिथं बोलणं संपतं.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी, डीएमएलटीची असली तरीसुद्धा, काही गोष्टी तोंडावर विचार. प्रमाणपत्र कोण देतं, विद्यापीठ, शासनाचं मंडळ की संस्था स्वतःच? त्यावर राज्याच्या परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? प्रत्यक्ष पेशंटवर रक्त घेण्याचा सराव कुठल्या रुग्णालयात होतो, आठवड्यातले किती दिवस, आणि शेजारी कोण उभं असतं? घेतलेल्या सॅम्पलची नोंदवही ठेवतात का? महाडीबीटी पोर्टलवर त्या कोर्सला तुला कुठली शिष्यवृत्ती लागू होते, हेही तिथल्या कार्यालयात विचार. नुसत्या "आमचं मोठ्या दवाखान्याशी टायअप आहे" या उत्तरावर समाधान मानू नकोस. त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये जाऊन "या संस्थेची मुलं इथं येतात का?" एवढं विचारायला बसचं तिकीट पुरतं. चौकशीची सुरुवात तू सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून कर, कारण तिथं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. कदमवाडीला डी. वाय. पाटीलमध्ये जा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर आहे. ज्या कोर्समागं मोठं रुग्णालय उभं आहे तो थोडा महाग किंवा लांब असला तरी मी तोच निवडेन. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत रबराचा एक हात ठेवून हे काम शिकवता येत नाही.

पगाराचा आकडा मी देत नाही. तो लॅबगणिक बदलतो आणि सुरुवातीला तो तुझ्या अपेक्षेपेक्षा कमीच असेल. तू स्वतः राजारामपुरीत आणि सीपीआरच्या आसपासच्या लॅबमध्ये जा, सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या पुढं. तिथं रक्त घेणाऱ्या मुलींशी बोल. सुरुवातीला काय मिळालं, आता काय मिळतं, होम कलेक्शनला पेट्रोल कोण देतं, सुट्टी कधी असते. सगळ्याच सांगणार नाहीत, एखादी सांगेल. डीएमएलटी असलेली आणि नसलेली यांच्यात किती फरक पडतो, हेही तिथंच कळेल.

घरातल्या दोघांबद्दल. सासूबाईंच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र आल्यात, त्या वेगळ्या कर. रक्ताला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं, यावर वाद घालू नकोस. तू लिहिलं आहेस की लॅबचा तो मुलगा आला नाही तर त्या "मागच्या वेळचाच पाठवा" म्हणून फोन करायला लावतात. ज्याच्या हाताची त्या वाट बघतात त्याच्या कामाला त्यांच्या मनात मान आहेच, सुनेच्या बाबतीत तो यायला थोडा वेळ लागेल एवढंच. परक्यांच्या घरी एकटीनं जाण्याबद्दलची त्यांची भीती मात्र रास्त आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. होम कलेक्शन करणाऱ्या मुलींना लॅबनं ओळखपत्र द्यायला हवं, कुठल्या घरी कधी पोहोचली याची लॅबमध्ये नोंद हवी, आणि घर ठीक वाटलं नाही तर उंबऱ्यावरूनच परत यायची मुभा हवी. ज्या लॅबमध्ये ही मुभा नाही तिथं काम धरू नकोस. सुरुवातीची वर्षं लॅबच्या किंवा रुग्णालयाच्या आतलीच नोकरी बघ, तिथं शिकायलाही जास्त मिळतं.

नवऱ्याशी बोलायचं ते वेळेबद्दल. हे काम पहाटेचं आहे. उपाशीपोटी माणसं थांबलेली असतात, सहा-सातला खुर्चीपाशी उभं राहावं लागतं. म्हणजे मुलीची वेणी, डबा, शाळेची रिक्षा हे सगळं त्यांच्याकडं जाणार. "जमवू काहीतरी" हे उत्तर घेऊ नकोस. प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण आठवडा त्यांनाच सकाळ सांभाळू दे, तू बाजूला राहा. टर्नरचं काम करणाऱ्या माणसाला माप नीट कळतं. त्या आठवड्यात तुम्हा दोघांनाही कळेल की दोन वर्षं हे निभेल का आणि कुठं मदत लागेल. सासूबाईंनाही त्या आठवड्यात त्यांचा वाटा विचार, त्यांना न विचारता गृहीत धरू नकोस.

शेवटची गोष्ट सुईच्या धोक्याची. फलकावर ती नसते आणि पत्रात तूही विचारलेली नाहीस. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, कधीच नाही. सुई थेट कटरमध्ये किंवा पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. तरीही कधी टोचली तर जागा दाबून रक्त पिळत बसायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं, रागावतील म्हणून लपवायचं नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हेपटायटिस बी मात्र आधीच रोखता येतो. त्याच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्यानं दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांत रक्ताची तपासणी करून संरक्षण तयार झालं का ते बघता येतं. प्रवेश कुठं घ्यायचा हे ठरायला अजून वेळ लागेल. पहिला डोस त्याची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना विचारून या महिन्यातच घेऊन टाक, म्हणजे पेशंटवर हात धरायची वेळ येईपर्यंत तिन्ही पूर्ण झालेले असतील.